एंटर दाबला की सेलमध्ये नक्की काय जातं?

फॉर्म्युला टाकला, एंटर दाबला आणि उत्तराऐवजी फॉर्म्युलाच जसाच्या तसा दिसत राहिला, हे एक्सेल वापरणाऱ्या बहुतेकांनी पाहिलंय. मग लोक कंस मोजत बसतात, फाइल बंद करून परत उघडतात, आणि फॉर्म्युल्यात तर काहीच चूक नसते.

होतं काय, की तुम्ही टाइप केलंय ते आकडा आहे, तारीख आहे, साधा मजकूर आहे का फॉर्म्युला, हे एक्सेल एंटर दाबल्या दाबल्या ठरवून टाकतं. सेलचा फॉरमॅट आधीच टेक्स्ट असेल तर फॉर्म्युल्याच्या सुरुवातीच्या = या चिन्हालाही किंमत नाही, सगळी नुसती अक्षरं. बरं, नंतर फॉरमॅट बदलून जनरल केला तरी ढिम्म, कारण फॉरमॅट बदलल्याने आत साठवलेलं पुन्हा वाचलं जात नाही. त्या सेलवर जाऊन एफ२ आणि मग एंटर दाबायचा, की तोच मजकूर नव्याने वाचला जातो आणि उत्तर येतं. (सगळ्या शीटभर फॉर्म्युले दिसत असतील तर मात्र शो फॉर्म्युलाज चालू झालंय, ते बंद करा, बस.)

याच्यापेक्षा फसवा प्रकार म्हणजे बेरीज शून्य येणं. समजा ए१ मध्ये ५ आहे, ए२ मध्ये ७, पण दोन्ही मजकूर म्हणून साठवलेले. ए१ अधिक ए२ असं लिहिलं तर उत्तर १२, आणि सम फंक्शनला तीच रेंज दिली तर ०! अधिकचं चिन्ह मजकुराचा आकडा करून बघतं, सम मात्र रेंजमधला मजकूर सरळ सोडून देतं, म्हणजे कॉलमचं हेडिंग रेंजमध्ये आलं तरी बेरीज अडत नाही. सोय चांगली आहे पण मला ती धोकादायकच वाटते, कारण शून्य आलं तर निदान लक्षात तरी येतं, शेकडो ओळींपैकी दोनतीनच मजकूर असतील तर बेरीज व्यवस्थित दिसते आणि चुकलेली असते, एरर वगैरे काही नाही. अलाइनमेंट हाताने बदललेलं नसेल तर आकडे उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे, म्हणून आधी कॉलमवरून एक नजर फिरवा, शंका आली तर इझनंबर फंक्शन लावा, खरा आकडा असेल तरच ते ट्रू म्हणतं. वेबपेजवरून कॉपी केलेल्या आकड्यांना कधीकधी १६० नंबरची (म्हणजे कॅरेक्टर कोड १६० असलेली) स्पेस चिकटून येते, दिसायला नेहमीसारखीच, पण जास्तीच्या स्पेस काढणारं ट्रिम फंक्शन फक्त ३२ नंबरची साधी स्पेस काढतं, त्यामुळे तिथे सबस्टिट्यूट फंक्शन वापरून १६० वालीच काढावी लागते.

एंटरच्या या निर्णयाचा फटका संशोधनालाही बसलाय. सेप्ट२ आणि मार्च१ ही माणसाच्या जीन्सची नावं, एक्सेलने त्यांच्या तारखा केल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, एक्सेलमध्ये जीन्सच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्या. शेवटी जीन्सना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली, सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं! अशी तारीख झालेला सेल नंतर टेक्स्ट केला तरी नाव परत येत नाही, पाच आकडी नंबर दिसतो, कारण आत तारीख दिवसांच्या मोजणीच्या रूपात साठवलेली असते, मूळ अक्षरं कधीच गेलेली असतात. म्हणजे फॉर्म्युल्याला अडवणारा तोच टेक्स्ट फॉरमॅट इथे डेटा टाकायच्या आधी लावला तर वाचवतो.

१६ आकडी नंबरांचंही तसंच. एक्सेल १५ च अंक अचूक ठेवतं, सोळाव्याचं एंटर दाबताच शून्य होतं, आणि एकदा झालं की कुठल्याही फॉरमॅटने तो परत मिळत नाही. असे नंबर टाकताना सुरुवातीला अपॉस्ट्रॉफी (') द्या, म्हणजे नंबर मजकूर म्हणूनच साठवला जातो; ती सेलमध्ये दिसत नाही, फक्त वरच्या फॉर्म्युला बारमध्ये दिसते.