गोल्फ स्टिक बेतणे : उंच खेळाडूंसाठी शाफ्ट आणि वजन

खेळाडूच्या अंगकाठीला आणि त्याच्या स्विंगला (स्टिक फिरवण्याच्या ढबीला) जुळेल अशी गोल्फ स्टिकची लांबी, वजन, शाफ्टचा (दांडीचा) कडकपणा, हेडचा (चेंडूला लागणाऱ्या भागाचा) कोन आणि ग्रिपची (मुठीची) जाडी ठरवण्याची पद्धत. पुरुषांसाठी विकले जाणारे तयार संच साधारण पावणेसहा फूट उंचीचा माणूस गृहीत धरून केलेले असतात. त्यामुळे सहा फुटांच्या वरच्या खेळाडूला लांब स्टिक लागणारच, असे सर्रास मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. लांबी ठरते ती उभे राहिल्यावर मनगट जमिनीपासून किती वर येते यावरून. शिवाय लांबी वाढवली की हेडचे जाणवणारे वजन, शाफ्टची लवचीकता आणि हेड जमिनीवर टेकण्याचा कोन ही तिन्ही गणिते एकदम बदलतात. म्हणून उंच खेळाडूच्या बाबतीत लांबी हा शेवटचा उपाय समजावा, पहिला नव्हे.

सीमाभागातील स्थिती

बेळगावात गोल्फ हा मुळात कॅम्पातला खेळ. इंग्रजांनी १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला घेतला, पुढे छावणी वसली आणि १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र इथे आहे. शहरातल्या गोल्फ मैदानाकडे एरवी न फिरकणाऱ्या बेळगावकरांनी त्याचे नाव कान देऊन ऐकले ते ऑगस्ट २०२२ मध्ये. त्या परिसरात बिबट्या दडून बसला, आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली आणि शोधासाठी शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणले गेले. खानापूर, निपाणी, हल्याळ या मराठी पट्ट्यात खेळ म्हटला की आधी कुस्ती आणि क्रिकेट. गोल्फकडे वळणारा इथला मराठी माणूस बहुधा फौजेतला, निवृत्त अधिकारी, डॉक्टर किंवा उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतला कारखानदार. त्याच्या हाती येणारा पहिला संच पुष्कळदा दुसऱ्याचा वापरलेला असतो. तो आपल्या मापाचा आहे की नाही हे पाहण्याआधीच खेळ सुरू होतो, आणि मग उंच माणूस कमरेतून जास्त वाकतो. पाठ दुखू लागली की दोष वयाला दिला जातो.

माप

बेतण्याची सुरुवात शिंप्याच्या टेपने होते. खेळताना वापरायचे बूट घालून ताठ उभे राहायचे, हात सैल सोडायचे आणि मनगटावरच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे. हे अंतर साधारण ३४ ते ३७ इंच असेल तर नेहमीची लांबी चालते. त्याच्या पुढे पाव ते अर्धा इंच, आणि ४० इंचांच्या आसपास गेले तर एक इंच वाढवण्याचा विचार करतात. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, म्हणून या आकड्यांना सुरुवातीचा अंदाज एवढीच किंमत द्यावी.

उंची आणि हे माप यांची फारकत कशी होते ते पाहण्यासारखे आहे. समजा, एक खेळाडू ६ फूट ४ इंच उंच आहे, पण त्याचे हात लांब असल्याने मनगट जमिनीपासून ३७ इंचांवरच येते. दुसरा ६ फूट १ इंच उंच, हात आखूड, मनगट ३८ इंचांवर. दुकानात पहिल्याला पाहताच लांब शाफ्ट काढली जाईल. प्रत्यक्षात ती दुसऱ्याला लागते. पहिल्याचे काम नेहमीच्या लांबीत आणि थोड्या उभ्या कोनात भागते.

तयार संचात सात नंबरचे आयर्न (धातूच्या पातळ हेडची, नंबरवार येणारी स्टिक) ३७ इंचांच्या आसपास असते आणि पुढच्या-मागच्या आयर्नमध्ये अर्ध्या इंचाचा फरक असतो. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची सर्वांत लांब स्टिक, बहुतेक ४५ ते ४६ इंचांचा. वाढवायची लांबी आयर्नच्या सगळ्या संचात सारखीच वाढवतात. ड्रायव्हर मात्र उंच खेळाडूलाही सहसा वाढवू नये. तो आधीच पुरेसा लांब असतो, आणि जितकी लांबी जास्त तितका चेंडू हेडच्या मध्यावर बसणे अवघड. वेग थोडा वाढतो, पण कडेला लागलेला चेंडू ते सगळे परत घेतो.

हेडचा कोन

स्टिक जमिनीवर ठेवली असता शाफ्ट आणि जमीन यांत होणारा कोन म्हणजे लाय; सात नंबरच्या आयर्नला तो ६२ ते ६३ अंशांच्या घरात असतो. उंच खेळाडूचे हात वर राहतात, हेडची टाच (शाफ्टकडची बाजू) उचलली जाते आणि टोक (दूरची बाजू) जमिनीत रुतते. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू मग उजवीकडे जातो. लॉफ्ट (हेडची चेंडूकडची बाजू मागे कलण्याचा कोन) जितका जास्त तितकी ही चूक मोठी, म्हणून वेजमध्ये (जास्त लॉफ्टच्या आखूड स्टिकमध्ये) ती सर्वांत आधी दिसते. उपाय म्हणून हेड एक-दोन अंशांनी उभे वाकवतात. कार्स्टन सोल्हाइम यांच्या पिंग कंपनीने यासाठी हेडवर रंगीत ठिपके देण्याची पद्धत रूढ केली. तिथे काळा ठिपका म्हणजे नेहमीचा कोन, निळा, हिरवा आणि पांढरा हे अधिकाधिक उभे.

इथे दुहेरी हिशेबाचा धोका असतो. लांबी अर्धा इंच वाढवली की स्टिक आपोआप जवळपास एक अंशाने उभी वागू लागते. ज्याला तक्त्याने तीन अंश सांगितले त्याला अर्धा इंचही वाढवून दिला, तर वाकवायचे दोनच अंश उरतात. हे वजा करायला विसरले की चेंडू डावीकडे पळू लागतो आणि खेळाडू आपला स्विंग बिघडला असे समजून बसतो.

खरा कोन चेंडू मारतानाच कळतो, कारण वेगाने खाली येताना शाफ्ट किंचित खाली लवते. त्यासाठी खास फळी नसली तरी चालते. चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढावी, ती रेघ फेसकडे (हेडच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूकडे) येईल असा चेंडू ठेवावा आणि मारावा. फेसवर उमटलेली रेघ सरळ उभी असेल तर कोन जुळला. तिचे वरचे टोक टाचेकडे झुकले तर स्टिक फार आडवी आहे, हेडच्या टोकाकडे झुकले तर फार उभी. बेळगावच्या तांबड्या, उन्हाळ्यात कडक होणाऱ्या जमिनीवर तर सोलच्या (हेडच्या तळाच्या) कोणत्या बाजूला ओरखडे पडतात हेही लवकर दिसते.

वजन

बेतण्यातला सर्वांत नाजूक भाग हाच. स्टिकचे एकूण वजन आणि फिरवताना हेडचे जाणवणारे वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तालमीत करेल (व्यायामाचा लाकडी मुद्गल) फिरवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही: मूठ जरा जड टोकाकडे सरकवली की तीच करेल हलकी वाटते. गोल्फमध्ये हे जाणवणे मोजायला स्विंगवेट नावाचे माप आहे. १९२० च्या दशकात रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी आणलेल्या तराजूत स्टिक ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकवतात आणि पुढची बाजू किती झुकते ते अक्षर-अंकांत वाचतात. पुरुषांचे तयार संच बहुतेक डी० ते डी३ मध्ये बसतात.

लांबी अर्धा इंच वाढली की हे माप सुमारे तीन अंकांनी चढते. म्हणजे डी२ ची स्टिक एक इंच वाढवली तर ती डी८ होते, आणि हातात येते तेव्हा हातोडा धरल्यासारखी वाटते. हेडमधले दोन ग्रॅम म्हणजे साधारण एक अंक, तेव्हा जुना तोल परत आणायला हेडमधून बारा ग्रॅम काढावे लागतील. सात नंबरचे हेड सुमारे २७० ग्रॅमचे, ड्रायव्हरचे २०० ग्रॅमचे. तयार हेडमधून एवढे वजन काढणे जवळपास अशक्यच. म्हणून वाटा दोन उरतात. एक, मुळातच हलके हेड मागवणे. दुसरी, हलकी शाफ्ट घेणे. स्टीलच्या शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅमच्या मिळतात, त्यामुळे इथे निवडीला जागा असते. शाफ्ट नऊ-दहा ग्रॅमने हलकी झाली की एक अंक उतरतो.

तिसरी वाट म्हणून जड ग्रिप सुचवली जाते. ५० ग्रॅमच्या जागी ६० ग्रॅमची जाड ग्रिप बसवली की माप दोन अंकांनी खाली येते. उंच माणसाचे पंजे मोठे असतील तर ती त्याला तशीही लागते. पण या आकड्यावर फार विसंबू नये. ग्रिपजवळचे वजन तराजूला फसवते. स्टिक फिरवायला लागणारे बळ त्याने फारसे घटत नाही, कारण ते वजन हातांच्या मध्येच राहते. याच कारणाने काही कारागीर स्विंगवेटऐवजी स्टिक फिरवताना होणारा एकूण विरोध मोजून संच जुळवतात. उंच खेळाडूसाठी ती पद्धत अधिक प्रामाणिक आहे. डी४-डी५ चा आकडा आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. उंच, संथ तालाच्या खेळाडूला तो पुष्कळदा मानवतो.

शाफ्टचा कडकपणा

शाफ्ट लांब झाली की मऊ होते. मागच्या (ग्रिपकडच्या) टोकाला नळीचा तुकडा जोडून लांबी वाढवली तरी हेच होते. पुढच्या (हेडकडच्या) टोकाकडून कापले तर ती कडक होते, मागच्या टोकाकडून कापले तर मुख्यतः आखूड होते. कडकपणा मिनिटातल्या कंपनांत मोजतात. एका श्रेणीपासून दुसऱ्या श्रेणीचे अंतर साधारण दहा कंपनांचे. त्यामुळे इंचभर वाढवलेल्या संचाला कधी कधी एक श्रेणी कडक शाफ्ट लागते.

पण उंच म्हणजे ताकदवान आणि ताकदवान म्हणजे जड, कडक शाफ्ट, ही साखळी टिकणारी नाही. कडकपणा ठरतो हेडच्या वेगावर आणि वरून खाली येताना खेळाडू किती झटका देतो त्यावर. ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर रेग्युलर (मध्यम), ९५ ते १०५ असेल तर स्टिफ (कडक) हा ढोबळ ठोकताळा. त्यातही एका कंपनीची रेग्युलर दुसरीच्या स्टिफएवढी निघू शकते, कारण या श्रेणींना सर्वमान्य प्रमाण नाही.

उंच खेळाडू आणि नियम

१९६९ ची मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिंकणारे अमेरिकन गोल्फपटू जॉर्ज आर्चर ६ फूट साडेपाच इंच उंच होते. उंची गोल्फला अडचणीची, या समजाला ते एक उत्तर. अमेरिकेच्याच ब्रायसन डिशॅम्बो यांनी साडेसदतीस इंचांची एकाच लांबीची, म्हणजे सात नंबरच्या आसपासच्या लांबीची, सगळी आयर्न वापरून २०२० व २०२४ ची यूएस ओपन जिंकली.

नियमानुसार पटर (चेंडू छिद्राकडे घरंगळवण्याची स्टिक) सोडून कोणतीही स्टिक ४८ इंचांहून लांब चालत नाही. १ जानेवारी २०२२ पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादा लावण्याची मुभाही आयोजकांना आहे. हेडला शिशाची पट्टी लावून वजन वाढवता येते, मात्र फेरी सुरू झाल्यावर वजनात मुद्दाम बदल करता येत नाही.

प्रत्यक्ष काम

उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशिन शॉप यांची दाटी आहे, त्यामुळे शाफ्ट इथेच कापून घ्यावी असे वाटणे साहजिक. स्टीलची शाफ्ट पाइप कटरने कापली तरी चालते. ग्रॅफाइटची मात्र कधीही नाही; कटरच्या दाबाने तिचे धागे चिरडतात, ती घासणाऱ्या चकतीनेच कापावी. हेड वाकवण्याचे काम साध्या व्हाइसमध्ये देऊ नये. घडीव पोलादाचे हेड सहज वाकते. ओतीव स्टेनलेस स्टीलचे एक-दोन अंशांपलीकडे नेले तर मान (हेडमध्ये शाफ्ट बसते तो भाग) तडकू शकते. त्यासाठी कोन मोजणारे खास यंत्र असलेला कारागीरच हवा, मग त्यासाठी पुण्याला किंवा बंगळुरूला जावे लागले तरी. वजन करायला सराफाकडे असतो तसला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो.

पावसाळा हा या कामाला वाईट काळ. हेड-शाफ्ट जोडणीचा इपॉक्सी हा डिंक थंड हवेत सावकाश पकडतो, म्हणून लगेच मैदान गाठू नये. स्टीलच्या शाफ्टमध्ये आतून ओल राहिली तर गंज बाहेर दिसण्याआधीच ती कमजोर होते. वाढीव तुकडा बसवण्यापूर्वी नळी आतून कोरडी आणि साफ करून घ्यावी.

वाढत्या वयाच्या मुलांना कायमचा संच बेतू नये. त्यांच्यासाठी अर्ध्या इंचाचा तुकडा जोडणे आणि मनगटाचे माप ठरावीक काळाने पुन्हा घेणे स्वस्त पडते. उंची वाढायची थांबली की मगच हेडचा कोन वाकवून घ्यावा, कारण तेच हेड पुन्हा पुन्हा वाकवले की मानेचा धातू थकतो.