24 च्या खाली म्हणजे डिमेन्शियाच?

स्मृती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या एमएमएसई या प्रश्नोत्तरांच्या चाचणीत 30 पैकी 24 पेक्षा कमी गुण पडले की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं नाही. 1993 साली अमेरिकेतल्या 18,056 प्रौढांच्या गुणांवरून वय आणि शिक्षणानुसार तक्ते प्रसिद्ध झाले. नऊ किंवा जास्त वर्षं शिकलेल्यांचा मध्यक 29 होता; चार वर्षांपर्यंतच शाळा पाहिलेल्यांचा 22. म्हणजे यातले निम्मे तरी 22 किंवा त्याखालीच! शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा... निरक्षर आजीची यात स्मृती कमी, शाळाच जास्त तपासली जाते. हरियाणातल्या बल्लभगढसाठी याच चाचणीचं हिंदी रूप बेतताना लिहिण्या-वाचण्याचे प्रश्न म्हणूनच बदलावे लागले. उलट, निवृत्त प्राध्यापकांचे 26 गुणही निर्धास्त करणारे नसतात. रोजचे व्यवहार अडू लागलेत का, हे विचारावंच लागतं.