प्रवासी झूम भिंग
(सुपरझूम, बोलीत ‘ऑल-इन-वन’). रुंद कोनापासून दूरच्या टप्प्यापर्यंत चालणारे आणि कॅमेऱ्यावरून सहसा न उतरवले जाणारे हलके भिंग.

बदलत्या केंद्रांतराची (हे मिमी.त मोजतात; ते जितके कमी तितका कोन रुंद) भिंगे आधी चलच्चित्रणात रुळली; १९३२ चे कुक वारो (४०–१२० मिमी.) हे आरंभीचे उदाहरण. स्थिरचित्रणासाठी विकले गेलेले पहिले भिंग म्हणजे १९५९ चे फोइग्टलेंडर झूमार (३६–८२ मिमी.), असे सामान्यतः मानतात. पहिल्या सुपरझूमचा मान पुष्कळदा टॅमरॉनच्या २८–२०० मिमी. भिंगाला (१९९२) दिला जातो. किरॉनचे २८–२१० मिमी. मात्र १९८५ च्या सुमारासच आले होते. ते सुमारे ८४० ग्रॅमचे असल्याने ‘प्रवासी’ ठरते का, ही शंका रास्त आहे. तरी कालक्रमाने किरॉनचीच बाजू बळकट दिसते, प्रसाराचे श्रेय टॅमरॉनचे. काटेकोरपणे पाहता झूम फिरवताना फोकस टिकला तरच ते खरे झूम. आजची बरीच भिंगे या कसोटीस उतरत नाहीत.

वजनाने जवळपास सारख्या दोन भिंगांतून निवड कशी होते ते पाहण्याजोगे आहे. निकॉनच्या झेड कॅमेऱ्यांसाठीचे २४–२०० मिमी. (एफ/४–६.३) ५७० ग्रॅमचे, तर सोनी कॅमेऱ्यांना बसणारे टॅमरॉन २८–२०० मिमी. (एफ/२.८–५.६) ५७५ ग्रॅमचे. एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त; कंसातला पहिला आकडा रुंद टोकाचा, दुसरा लांब टोकाचा. पहिल्यात कंपनरोधक आहे, दुसऱ्यात नाही. २४ मिमी.ला कर्णकोन (चौकटीच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दिसणारा कोन) सुमारे ८४ अंश, २८ ला ७५. बेळगाव किल्ल्यातील कमलबस्ती या जैन मंदिरात (इ. स. १२०४ च्या सुमाराचे) छताचे दगडी कमळ टिपताना हा फरक जाणवतो. आत उजेड बेताचा, एफ/६.३ वर एफ/२.८ च्या जेमतेम पाचवा हिस्सा प्रकाश आत येतो. तेव्हा कमळ रुंद टोकानेच घ्यावे, आणि एकूणच लांब टोकाच्या आकड्यापेक्षा रुंद टोकाकडे आधी पाहावे.

बेळगाव जिल्ह्यातच सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर जत्रेत भंडारा (हळद) उधळला जात असताना भिंग बदलणे म्हणजे सेन्सरवर हळद ओढवून घेणे. गोकाकच्या धबधब्यापाशी पावसाळ्यात घटप्रभा नदीचे तुषार तसेच आत शिरतात. तेथे झुलता पूल आणि सुमारे ५२ मी.ची धार एकाच ठिकाणाहून हवी असते.

बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला चढताना गळ्यातल्या भिंगाची नळी आपल्याच वजनाने घसरून लांब होते. काही भिंगांना त्यासाठी कुलूपबटण असते.