हाइड, टॅन, कॉर्डवेनर: चामड्याच्या जुन्या इंग्रजी शब्दांमागचं काम

कातडं कमावलं की त्याचं चामडं होतं, हे मराठीत वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजीतही ही हद्द जुनीच आहे. जनावराच्या अंगावरून उतरतं ते हाइड किंवा फेल, आणि कमावल्यावर ते लेदर. हे तिन्ही शब्द अँग्लो-सॅक्सन काळापासूनचे. बैल, गाय, घोडा यांचं जड कातडं म्हणजे हाइड. फेल बहुधा केस किंवा लोकर असलेलं. मेंढीची कातडी घेऊन लोकर सोडवणाऱ्याला पुढे फेलमाँगर म्हणत ते त्यावरूनच. आज सर्रास वापरला जाणारा स्किन हा शब्द मात्र नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून आलेला, इंग्रजीत रुळला तो १२०० च्या आसपास. त्यानंतर व्यापारात वाटणी ठरली: मोठ्या जनावराचं हाइड, शेळीमेंढीचं स्किन, आणि लहान वयाच्या गुराचं, या दोन्हींच्या मधलं, ते किप.

सन १००० च्या सुमारास एल्फ्रिक या साधूने मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी एक संवाद लिहिला. त्यात चांभार आपण काय काय करतो ते सांगतो: जोडे, चामडी पायमोजे, बुधले, लगामाच्या वाद्या, घोड्याचा साज, पिशव्या. माझ्या कसबाशिवाय तुमच्यापैकी कोणीही हिवाळा काढू इच्छिणार नाही, असंही तो वर म्हणतो. या लॅटिनच्या ओळींवर कोणीतरी जुन्या इंग्रजीत अर्थ लिहून ठेवले आहेत. त्या अर्थांमध्येच थ्वांग, म्हणजे आजचा थाँग, वादी, हा शब्द सापडतो. तिथे चांभाराचं नाव आहे ‘शू-राइट’ या अर्थाचं, जोडे घडवणारा. हे नाव पुढे मागे पडलं. पुढची नावं कळायला कातडं कसं कमावत हे पाहावं लागतं.

टॅन हे क्रियापद मध्ययुगीन लॅटिनमधलं, टॅनम म्हणजे ओकची कुटलेली साल. कातडं आधी चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस सैल झाले की लाकडी ओंडक्यावर टाकून बोथट सुरीने केस आणि धारदार सुरीने आतलं मांस काढायचं. मग सालीच्या पाण्याचे हौद. पहिल्या हौदात मुरलेलं, फिकं पाणी, पुढच्यात थोडं कडक, शेवटी कातडं आणि साल यांचे थर एकावर एक. तळव्याच्या चामड्याला वर्ष किंवा जास्तच लागे. घाईने पहिल्याच हौदात कडक पाणी घातलं तर वरचा थर लगेच आवळतो आणि साल आत शिरत नाही. कड कापून पाहिली की मधोमध फिकट, कच्ची रेघ दिसते. असा तळवा पाणी पितो आणि कुजतो.

दुसरी रीत तुरटीची, तिचं क्रियापद टॉ. तुरटी, मीठ, पीठ आणि अंड्याचा बलक यांच्या लगद्यात कातडं तुडवलं की ते पांढरंशुभ्र, मऊ निघतं, तेही थोड्या दिवसांत. हे करणारा व्हाइटटॉयर. पण भिजलं की तुरटी धुऊन जाते आणि वाळल्यावर चामडं कडक होतं. म्हणून त्याचे हातमोजे छान होत, तळवे कधीच नाहीत.

स्पेनमधलं कोर्दोबा शहर शेळीच्या उत्तम चामड्यासाठी प्रसिद्ध होतं. ते चामडं फ्रेंचमधून इंग्रजीत आलं कॉर्डवेन म्हणून, आणि त्याचे जोडे शिवणारा झाला कॉर्डवेनर. लंडनच्या कॉर्डवेनर मंडळाला १४३९ मध्ये राजाची सनद मिळाली. नवीन चामड्याचे नवे जोडे करायचे ते कॉर्डवेनरने, कॉब्लरने फक्त जुने दुरुस्त करायचे. यावरून तंटे होत आणि दंडही. कॉब्लर म्हणजे सरसकट चांभार असं भाषांतर करताना हा भेद हरवतो, तो हरवू नये.

टॅन झालेलं चामडं ताठ असतं. ते तासून सारखं करणारा आणि चरबी-तेल मुरवून लवचीक करणारा तो करियर. मूळ लॅटिन कोरियम, म्हणजे चामडं. आपल्या जेवणातल्या करीशी त्याचा काही संबंध नाही. छातीचं चिलखत म्हणजे क्विरास हा शब्दही कोरियमचाच, कारण ते आधी चामड्याचं असे.

बफ मूळचा म्हशीचा, फ्रेंच बफलवरून. तेलात कमावलेल्या जाड, पिवळसर कातड्याचे बफकोट १६४० च्या दशकातल्या इंग्लंडच्या यादवीत घोडेस्वार घालत. रंगाचं नाव त्यावरूनच पडलं. ब्लॅकजॅक म्हणजे आतून डांबरासारख्या राळेने लिंपलेला चामडी पेला. त्यात गार बिअरच ओतायची. गरम काही ओतलं की लेप मऊ पडून सुटतो.

बजेट या शब्दाच्या मुळाशी गॉल, म्हणजे प्राचीन फ्रान्समधल्या लोकांची चामडी पिशवी आहे. लॅटिनमध्ये बल्गा, फ्रेंचमध्ये बुजेट. ब्रिटिश अर्थमंत्र्याने पिशवी उघडली, या अर्थाने तो शब्द १७३३ मध्ये वॉलपोलवरच्या टीकेत आला आणि तिथून आपल्याकडे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश टॅनर ओकची साल सोडून बाहेरून येणाऱ्या मालाकडे वळू लागले, आणि शब्दांत हिंदुस्थान आला. मद्रासकडून तरवडाच्या सालीत कमावलेली कातडी जात, त्यांना ईस्ट इंडिया किप्स म्हणत. मुंबई इलाख्यातून हिरडा जाई. त्याच्या प्रतींना बंदरांची आणि गावांची नावं होती, त्यातली एक विंगोर्ला, म्हणजे आपलं वेंगुर्ला. हिरड्याने चामड्याला फिकट पिवळा रंग येतो, पण एकट्या हिरड्यात कमावलेलं चामडं सैल, पोकळ राहतं, म्हणून तो इतर सालींत मिसळून वापरत. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने क्रोमियमच्या रीतीचं पेटंट घेतलं. जोड्याच्या वरच्या भागाचं चामडं मग काही दिवसांत तयार होऊ लागलं. जाड तळव्यांसाठी साल आणि हिरड्याचे हौद मात्र चालू राहिले.