‘वय झालं की असं होतंच’ : खरंच?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर निळे डाग, पाठीला जखमा, वजन उतरलेलं. विचारलं की एकच उत्तर: ‘वय झालं, असं होतंच.’ हे अर्धसत्य फार सोयीचं आहे, कारण त्यामागे कधीकधी छळ किंवा हेळसांड लपलेली असते.

म्हातारपणी त्वचा पातळ होते, त्यामुळे हाताच्या मागच्या बाजूला, कोपराखाली सहज डाग पडतात, हे खरं. पण कान, मान, पाठ किंवा दंडाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे डाग दिसले, तर कारण विचारायलाच हवं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली, अंग कोरडं ठेवलं, तर बहुतेक शय्याव्रण (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) टळतात.

आणि मारहाण नाही म्हणजे छळ नाही, असंही नाही. कवळी हरवलीय, चष्मा फुटलाय, महिनोन्‌महिने कुणी बघितलेलं नाही. पेन्शनचं पासबुक मात्र मुलाच्या खिशात. आजींना प्रश्न विचारला की उत्तर सून देते, आजी तिच्या तोंडाकडे बघतात. (सून म्हटलं खरं, पण पोटची मुलंही यात मागे नसतात.)

शंका आली तर आधी त्यांच्याशी एकट्यात बोला. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्यासाठी वकील लागत नाही.