नवीकरणीय ऊर्जा प्रकल्पांचा पर्यावरण सल्ला व परवानग्या (नाशिक जिल्हा)

सौर, पवन, जल आणि जैवऊर्जा प्रकल्प उभारण्याआधी जागेची पर्यावरणाच्या अंगाने तपासणी करणे, कायद्याने लागणाऱ्या मंजुऱ्या, ना-हरकत दाखले व ग्रामसभेचे ठराव मिळवणे आणि मंजुरीसोबत आलेल्या अटी प्रकल्प चालू असेपर्यंत पाळल्या जातात की नाही हे पाहणे, असे या कामाचे स्वरूप आहे. नाशिक जिल्ह्यात ते अवघड होते याचे कारण भूगोलात आहे. पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबकचा धो-धो पावसाचा घाटमाथा, उत्तरेला सुरगाणा-पेठ-कळवणचा आदिवासी पट्टा, मध्ये गोदाकाठची बागायत आणि पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगावचे पर्जन्यछायेतले माळ. एका तालुक्यात बिनदिक्कत चालणारी जागा शेजारच्या तालुक्यात अजिबात चालत नाही.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ खाली १४ सप्टेंबर २००६ रोजी निघालेली पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचना या क्षेत्राचा पाया मानली जाते. मात्र फोटोव्होल्टाइक सौर आणि पवन प्रकल्पांना या अधिसूचनेखालची पूर्वमंजुरी लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २०१६ मध्ये केलेल्या वर्गवारीत सौर, पवन आणि २५ मेगावॉटखालील लघुजलविद्युत प्रकल्प ‘पांढऱ्या’ गटात आले. त्यामुळे राज्य मंडळाचे संमतिपत्र नको, कळवले की पुरे. यावरून ‘सोलरला पर्यावरणाची परवानगीच लागत नाही’ असा समज बाजारात पसरला आहे आणि तो घातक आहे. सवलत एका मंजुरीपुरती आहे. वन, वन्यजीव, अनुसूचित क्षेत्र, पाणी आणि वृक्षतोड यांचे कायदे जसेच्या तसे लागू राहतात. आघात मूल्यांकनाचा अहवालच होत नसल्याने जागेची चौकशी करण्याची सगळी जबाबदारी सल्लागाराच्या सचोटीवर येऊन पडते.

ही चौकशी सातबारापासून सुरू होते. गट नंबर हाती आला की जाणता सल्लागार आधी क्षेत्र पाहत नाही, ‘इतर हक्क’ हा रकाना पाहतो. तिथे वनाची किंवा महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ ची नोंद असेल, तर मालक कोणीही असो, ती जमीन वन म्हणून गणली जाण्याची शक्यता असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने ‘वन’ या शब्दाचा अर्थ मालकीपलीकडे नेला. संगणकीकृत उताऱ्यावर न दिसणारी नोंद जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर किंवा फेरफारात सापडू शकते. म्हणून तलाठी कार्यालयातले जुने फेरफार काढून वाचणे याला पर्याय नाही. भोगवटादार वर्ग २ ची (परवानगीशिवाय हस्तांतरित न करता येणारी) जमीन असेल तर हस्तांतरणाची अट वेगळीच. जमिनीचा विसार देऊन झाल्यावर हे कळले, तर प्रकल्प आणि शेतकरी दोघेही अडकून पडतात.

वनजमीन लागतच असेल, तर १९८० च्या वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियमाखाली ‘परिवेश’ या पोर्टलवर प्रस्ताव जातो. तत्त्वतः आणि अंतिम अशा दोन टप्प्यांत मान्यता मिळते. निव्वळ वर्तमान मूल्य (गमावल्या जाणाऱ्या वनाची किंमत) भरावे लागते, पर्यायी वनीकरण करावे लागते. प्रत्यक्षात सौर पॅनेल वनाबाहेर असतात, पण उपकेंद्राकडे जाणाऱ्या वीजवाहिनीचे दोन-चार मनोरे वनात शिरतात आणि तेवढ्यासाठी संपूर्ण प्रस्ताव करावा लागतो. वाहिनीचा मार्ग आधी आखून मग जागा निवडली, तर ही वेळ बहुतेकदा टळते.

कळवण, पेठ व सुरगाणा हे तालुके, तसेच दिंडोरी, इगतपुरी, नाशिक व बागलाणमधील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तिथे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे पेसा नियम लागू आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ मुळे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. विक्रीसारखाच भाडेपट्टाही यात येतो. ‘विकत घेत नाही, भाड्याने घेतो’ ही पळवाट नाही, हे सल्लागाराने पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. वनहक्क कायदा २००६ खालील वैयक्तिक किंवा सामूहिक दावे प्रलंबित असतील, तर ते आधी निकाली निघायला हवेत. ग्रामसभा हा यातला खरा कस आहे. ठरावावर सह्या गोळा करणे वेगळे आणि पाड्यावर बसून, कोकणी, महादेव कोळी किंवा वारली माणसाला त्याच्या बोलीत नकाशा समजावून सांगून होकार घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या ठरावाला वेळ लागतो. पण तोच टिकतो.

पूर्वेकडच्या माळांवर प्रश्न निराळा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना (२०१७, सुधारित २.० २०२३) शेतीला दिवसा वीज देण्यासाठी महावितरणच्या उपकेंद्रांजवळ ०.५ ते २५ मेगावॉटचे प्रकल्प उभारते. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ, ही रक्कम कोरडवाहू शेतकऱ्यासाठी मोठीच आहे. रात्री बिबट्याच्या भीतीत मोटार चालू करायला जाणाऱ्यांना दिवसाच्या विजेचे मोल सांगावे लागत नाही. या योजनेत सरकारी जमिनीही दिल्या जातात आणि अशा जमिनी पुष्कळदा गायराने असतात. कागदावर ‘पडीक’ किंवा ‘पोटखराबा’ असलेले हे माळ प्रत्यक्षात मेंढपाळांचे चराऊ रान असते, धाविक, तितर, लांडगा, कोल्हा यांचे घर असते. येवल्याजवळचे ममदापूर काळवीट राखीव क्षेत्र अशाच गवताळ रानाचे आहे. मे महिन्यात काढलेल्या फोटोत यातले काहीच दिसत नाही. पश्चिमेकडच्या सड्यांचेही (सपाट कातळमाथ्यांचेही) तसेच. अंजनेरीच्या कातळावर ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही २००६ मध्ये नव्याने वर्णन झालेली कंदीलपुष्पाची प्रजाती पावसाळ्यात दिसते. उन्हाळ्यात तिथे नुसता काळा खडक असतो. सर्वेक्षणाचा एक फेरा श्रावण-भाद्रपदात झालाच पाहिजे, असे प्रस्तुत नोंदकर्त्याचे ठाम मत आहे.

पवनचक्क्यांसाठी केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वस्तीपासून किमान ५०० मीटर अंतर सोडावे लागते. सिन्नर-अकोले सीमेवरच्या पट्टा किल्ल्याच्या परिसरात फिरताना पात्यांचा घुमणारा आवाज ऐकला, की हे अंतर का ठेवले ते कानालाच पटते. उंचीसाठी विमानतळ प्राधिकरण व संरक्षण मंत्रालयाचे दाखले लागतात. ओझरचा विमानतळ, देवळालीचे तोफखाना केंद्र आणि गांधीनगरची लष्करी धावपट्टी यांमुळे नाशिकमध्ये हा विषय औपचारिक राहत नाही. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात. त्या बाजूला चक्की उभारण्याचा विचार करणाऱ्याने आधी वर्षभर आकाश पाहावे.

निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी-कादवा संगमावरचे पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). हिवाळ्यात येणारे क्रौंच, बदके, रोहित पहाटे व तिन्हीसांजेला खालून उडतात आणि नेमक्या त्या उंचीवर विजेच्या तारा असतात. परिसरात वाहिनी न्यायचीच असेल तर भूमिगत केबल हाच सरळ उपाय. निदान तारांवर पक्षी-सूचक चकत्या तरी लावाव्यात. गोदाकाठी जलसंपदा खात्याच्या निळ्या व लाल पूररेषाही तपासाव्या लागतात.

२५ मेगावॉट व त्यावरची जलविद्युत मात्र सवलतीबाहेर आहे. २५ ते ५० मेगावॉटखालील प्रकल्प राज्य पातळीवर, त्याहून मोठे केंद्राकडे जातात. इगतपुरीच्या भावली परिसरात, नाशिक-ठाणे सीमेवर, १,५०० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प नियोजित आहे. उजेडाच्या वेळची जादा वीज वापरून पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज घ्यायची, असे त्याचे तंत्र. अशा प्रकल्पाला सहसा मान्यताप्राप्त सल्लागाराचा अहवाल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने घेतलेली जनसुनावणी लागते. सुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवावा लागतो. हा सारांश कित्येकदा इतक्या बोजड भाषेत असतो की सरपंचालाही तो उलगडत नाही. सल्लागाराने तो गावात मोठ्याने वाचून दाखवावा, मग दुरुस्त करावा.

जैवऊर्जेत कारखान्यांची उसाच्या चिपाडावरील सहवीजनिर्मिती आणि नाशिक महानगरपालिकेचा हॉटेलांतील उरलेले अन्न व मैला यांपासून वायू व वीज करणारा प्रकल्प येतो. त्यांना धूर, राख आणि सांडपाण्याचे नेहमीचे नियम लागू होतात.

परवानग्यांचा शेवटचा भाग प्रकल्प मोडताना येतो. ई-कचरा नियम २०२२ मध्ये सौर पॅनेल समाविष्ट झाले असून टाकाऊ पॅनेल साठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण शेतात गाडलेले काँक्रीटचे पाये, केबल आणि मुरमाचे रस्ते कोणी काढायचे, हे ठरते ते भाडेपट्ट्यात. तिथे हे कलम नसेल, तर करार संपल्यावर नांगर पहिल्याच तासाला पायाला अडतो.