श्रेणीदान (चर्चानियमन)

सदस्यांनी एकमेकांच्या लेखनाला गुण वा शेरे द्यावेत आणि त्यांवरून कोणते लेखन ठळक दिसावे, कोणते मिटून जावे हे ठरावे, अशी आंतरजालीय चर्चांची नियमनपद्धती. संपादकाचे काम त्यामुळे संपत नाही. बदनामी, शिवीगाळ व जाहिराती उडवणे बहुधा त्याच्याकडेच राहते.

उगमाबाबत एकमत नाही. झेरॉक्स पार्क या अमेरिकी संशोधन केंद्रातील टॅपेस्ट्री या प्रणालीत (सु. 1992) इतरांच्या अभिप्रायांवरून ई-टपाल गाळण्याची सोय होती. ग्रुपलेन्स या संशोधन-प्रणालीने 1994 मध्ये यूजनेट या जुन्या चर्चाजालावरील लेखांना वाचकांकडून 1 ते 5 गुण घेतले. काही जण पद्धतीचा आरंभ येथूनच धरतात. मात्र ग्रुपलेन्स प्रत्येक वाचकाला, त्याच्याशी अभिरुची जुळणाऱ्यांच्या गुणांवरून, स्वतंत्र अंदाज देई. सर्वांसाठी एकच क्रम लागत नसे. म्हणून ही शिफारस म्हणावी, नियमन नव्हे. त्या अर्थी स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक बातम्यांच्या संकेतस्थळाला (स्थापना 1997) अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे प्रथम निवडक मंडळी हे काम पाहत. पुढे नियमित वाचकांतून यदृच्छया निवड होऊ लागली. निवडलेल्याला मोजके गुण मिळत व ते थोड्याच दिवसांत बाद होत. प्रतिसादाचा अंक -1 ते 5 यांच्यातच राही. ज्या चर्चेत स्वतः लिहिले, तिथे गुण देता येत नसत; शिवाय दिलेले शेरे रास्त होते की नाही, हे इतर सदस्य तपासत. रेडिटने (2005) मतदान सर्व सदस्यांना खुले केले; स्टॅक ओव्हरफ्लोवर (2008) ते थोडी पत कमावलेल्या सदस्यांना मिळाले. मराठीत ‘ऐसी अक्षरे’ या संकेतस्थळावर मार्मिक, माहितीपूर्ण, रोचक, निरर्थक, भडकाऊ असे शेरे आढळतात.

गोमंतकीय वाचकाला येथे गावकारी आठवणे साहजिक आहे. पोर्तुगीज अधिकारी अफोंसु मेशियाच्या 1526 च्या फोरालात (सनदेत) नोंदलेल्या या ग्रामसंस्थेत वांगडांचे (गावकार कुळांचे) प्रतिनिधी सभेत बसून ‘नेम’ करीत, म्हणजे ठराव घेत. सदस्यांनीच सदस्यांचे नियमन करावे, एवढ्यापुरते साम्य खरे. पण गावकाराचा हक्क जन्माने येई, तर श्रेणीदात्याचा अधिकार बहुधा सहभागाने मिळतो. शिवाय परंपरेने नेम एकमताने होत असे व एका गावकाराची हरकतही तो अडवू शके, असे मानले जाते. श्रेणीदानात एकट्याची हरकत बेरजेत बुडते. त्यामुळे गावकारीला या पद्धतीची पूर्वज ठरवणे ताणलेले वाटते.

हा भेद गोव्यातील वादांत विशेष जाणवण्याजोगा आहे. 1967 चा (महाराष्ट्रातील विलीनीकरणाविषयीचा) जनमत कौल किंवा 1987 चा राजभाषा कायदा यांवर मराठीवादी व कोंकणीवादी भांडू लागले, की गुणांवरून लेखनाचा कस कळण्यापेक्षा कोणत्या गोटाचे सदस्य जास्त जमले आहेत, तेच कळण्याचा संभव अधिक. बेरीज उघडी असली तर आणखी एक दोष येतो. मुचनिक, अराल व टेलर यांच्या 2013 मधील प्रयोगात, प्रतिसादाला सुरुवातीलाच एक कृत्रिम अनुकूल मत दिले असता त्याचा अंतिम गुणांक सरासरीने 25 टक्क्यांनी वाढला. प्रतिकूल मताचा परिणाम मात्र इतर वाचकांनी बव्हंशी भरून काढला.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी आरंभीचा काळ बेरीज झाकून ठेवतात. स्लॅशडॉटच्या शेऱ्यांत ‘असहमत’ नव्हताच, मात्र ‘अवाजवी गुण’ होता आणि न पटलेल्या मतासाठी तोच वापरला जाई, अशी तक्रार असे.